बाभळीचें नांव कोणाकडे गेलें?

थंडी पडूं लागली कीं घरोघर डिंकाचे लाडू वळले जातात. जेवण झाल्यावर वडीलधाऱ्यांच्या विड्यांत काताची चिमूट पडते, आणि न्हाण्याच्या दिवशीं शिकेकाई उकळल्याचा वास माजघरापर्यंत येतो. डिंक बाभळीचा, कात खैराच्या गाभ्याचा आणि शिकेकाई ही एका कांटेरी वेलीची शेंग. आपल्या घरांत नित्य वावरणाऱ्या या तीन वनस्पति जुन्या शास्त्रीय ग्रंथांतून एकाच आडनांवानें ओळखल्या जात. थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला, त्यांत त्या तिघींचें आडनांव ‘अकेशिया’ असेंच आहे. आडनांव हा शब्द आम्ही सोयीसाठीं वापरितों. आपल्याकडे तें शेवटीं येतें, वनस्पतींच्या नांवांत तें आधीं येतें, एवढाच फरक.

आज नवा ग्रंथ उघडणारास मात्र निराळाच प्रकार आढळेल. बाभूळ ‘वॅचेलिया’ झाली आहे. खैर व शिकेकाई ‘सेनेगालिया’ झालीं आहेत. आणि ‘अकेशिया’ हें मूळचें नांव कोंकणांत सडकेच्या कडेला व वनखात्याच्या लागवडींत दिसणाऱ्या त्या लांबट, विळ्यासारख्या पानांच्या ऑस्ट्रेलियन झाडाकडे गेलें आहे. कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें वडिलांच्या वेळचें पुस्तक आणि आपलें पुस्तक शेजारीं शेजारीं ठेविलें तर दोहोंपैकीं एक चुकीचें असावें असें त्यास वाटणें साहजिक आहे. वस्तुतः दोन्हीही आपापल्या काळीं बरोबरच होतीं. मधल्या काळांत एका मोठ्या घराण्याची वांटणी झाली, आणि घराण्याचें नांव कोणी घ्यावें यावरून जगांतील वनस्पतिशास्त्रज्ञांत जवळजवळ आठ वर्षें तंटा चालला. त्या तंट्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

‘अकेशिया’ हा शब्द मूळ ग्रीक. डायोस्कोरिडीज या प्राचीन वैद्यानें ईजिप्तमधील एका कांटेरी, औषधी झाडास उद्देशून तो वापरला; आणि तें झाड म्हणजे आपली बाभूळ. ‘निलोटिका’ या तिच्या दुसऱ्या नांवाचा अर्थही नाईल नदीकांठची असाच आहे. लिनियसनें १७५३ सालीं तिला ‘मिमोसा निलोटिका’ म्हणून लाजाळूच्या घरांत बसविलें. परंतु दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १७५४ सालीं, लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेचा मुख्य माळी फिलिप मिलर यानें ‘अकेशिया’ ही स्वतंत्र प्रजाति मांडली. तेव्हां इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां या नांवावर पहिला हक्क कोणाचा असेल तर तो बाभळीचा.

पुढें ऑस्ट्रेलियाचा किनारा युरोपीय लोकांस मोकळा झाला आणि तिकडून नव्या नव्या झाडांचे वाळविलेले नमुने लंडनला येऊं लागले. त्यांची व्यवस्था लावण्याचें काम जॉर्ज बेंथम यानें केलें. हा विलक्षण उद्योगी गृहस्थ! ऑस्ट्रेलियांत पाऊलही न टाकतां त्यानें त्या खंडाच्या वनस्पतींवर सात भागांचा ग्रंथ लिहिला. बाभळीच्या या परिवाराचें वर्गीकरण त्यानें १८४२ मध्यें केलें व १८७५ मध्यें तें पुन्हा तपासून मांडलें. त्यासाठीं त्यानें फुलांतील पुंकेसर ही कसोटी धरिली. लाजाळूच्या वर्गांत पुंकेसर दहा किंवा त्याहून कमी. शिरिषाच्या वर्गांत ते पुष्कळ, पण बुडाशीं एकमेकांस जोडलेले. आणि अकेशियाच्या वर्गांत ते पुष्कळ व सुटे. बाभळीचें पिवळें गोंडेदार फूल सोडवून पाहिलें तर ही गोष्ट साध्या भिंगानेंही दिसते. सुट्या पुंकेसरांचें जें जें सांपडलें तें तें अकेशियांत जमा होत गेलें, आणि होतां होतां या एका प्रजातींत सुमारें साडेतेराशें जाति गोळा झाल्या. त्यांतील साडेनऊशेंहून अधिक एकट्या ऑस्ट्रेलियांतील.

एवढ्या मोठ्या गोतावळ्यांत सर्वांचे चेहरे जुळत नसतात. बाभळीचे कांटे पाहावे. ते लांब, सरळ, पांढरट असून जोडीजोडीनें येतात, आणि ते मूळचे कांटे नव्हेतच; पानाच्या देठाच्या बुडाशीं जीं दोन उपपर्णें असतात त्यांचेंच तें रूपांतर आहे. खैराचे कांटे आंखूड व आंकड्यासारखे वळलेले. ते उपपर्णांपासून झालेले नाहींत; सालीच्या वरच्या थरांतून निघालेले आहेत. शिकेकाईही त्याच आंकड्यांच्या जोरावर दुसऱ्या झाडांवर चढते. बाभळीचीं फुलें वाटोळ्या गोंड्यांत, तर खैराचीं लांबट तुऱ्यांत. ऑस्ट्रेलियन मंडळींत बहुतेकांस कांटेच नाहींत, आणि पुष्कळांस खरें पानही नाहीं! जें पान म्हणून दिसतें तो चपटा झालेला देठ होय. याची प्रचीति घरच्या घरीं घेतां येते. कोंकणांतील त्या ऑस्ट्रेलियन झाडाची कानाच्या पाळीसारखी वळलेली शेंग आणून तिचें बीं कुंडींत पेरावें. उगवणाऱ्या रोपाचीं पहिलीं पानें बाभळीसारखीं, बारीक पर्णिकांचीं असतात. मग कांहीं पानें अर्धीं पर्णिकांचीं व अर्धीं चपट्या देठाचीं येतात. शेवटीं पर्णिका नाहींशा होऊन नुसते देठच पानाचें काम करूं लागतात. मुलांनीं कुंडी राखिली तर उन्हाळ्याच्या सुटींत हा सर्व प्रकार पाहून होईल.

सूक्ष्मदर्शकाखालींही असेच भेद निघाले. या सर्व वर्गाचे परागकण सुटे नसून अनेक कण मिळून एकेक पुडकें बनलेलें असतें. पण त्या कणांच्या कवचावरील भोंकांची व चरांची रचना बाभळीच्या शाखेंत एक, तर खैराच्या शाखेंत दुसरी. फिलिप गिने या फ्रेंच शास्त्रज्ञाचा या विषयावरील मोठा प्रबंध १९६९ सालीं पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनें प्रसिद्ध केला, हें आपल्या देशाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कांटे, बियांचे अंकुर, पराग असा सर्व पुरावा जमवून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधील लेस्ली पेडली यांनीं १९८६ सालीं सुचविलें कीं, अकेशियाचीं तीन घरें वेगळीं करावीं. सूचना फारशी मान्य झाली नाहीं. ऑस्ट्रेलियांतच तिला विरोध झाला. फरक आहेत हें सर्वांस दिसत होतें. पण भावाभावांतही फरक असतात. हे भाऊ आहेत कीं केवळ एका वाड्यांत राहणारे भाडेकरू आहेत, हा खरा प्रश्न होता. आणि तो नुसत्या बाह्य रूपावरून सुटेना.

तो सुटला वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या तपासणीनें. या द्रव्याचा लांबलचक धागा चार प्रकारच्या घटकांनीं विणलेला असतो, व त्या घटकांचा क्रम पिढ्यानपिढ्या नकलून घेतला जातो. नक्कल करितांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें, आणि तो बदल पुढच्या सर्व पिढ्यांत उतरतो. आमच्या वाचकांस ही रीत अगदींच अपरिचित नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली व १९६६ सालीं ती तडीस नेली. त्या कामांत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं पोथ्यांची वंशावळ लावण्याची जी पद्धति स्वीकारिली, तिचें तत्त्व हेंच आहे. दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध पाठ सारखा असला तर त्यावरून त्यांचें जवळचें नातें सिद्ध होत नाहीं, कारण तो तर सर्वांसच वारशानें मिळालेला असतो. परंतु एकच विशिष्ट प्रमाद, एकच वेगळा पाठ दोन पोथ्यांत आला, कीं त्या दोघी एकाच पोथीवरून उतरलेल्या असाव्यात असा संशय येतो. आणि असे दहा-वीस प्रमाद जुळले कीं संशय उरत नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ हेंच करितात. पानांतील हरितकणांत असलेल्या डीएनएचे ठराविक तुकडे शेंकडों जातींतून काढून ते ओळीखालीं ओळ मांडितात, कोणते बदल कोणांत समान आहेत तें पाहतात, आणि त्यावरून वंशवृक्ष रचतात. एवढ्या बदलांचा हिशेब हातानें होण्यासारखा नाहीं. तो संगणक करितो.

२००० सालाच्या सुमारास अशा कित्येक तपासण्या एकामागून एक प्रसिद्ध झाल्या व त्यांचा निष्कर्ष एकच निघाला. अकेशिया हें एक घराणें नव्हेच. बाभूळ आपल्या वेगळ्या शाखेवर, खैर दुसऱ्या शाखेवर, आणि ऑस्ट्रेलियन मंडळी तर थेट शिरिषाच्या गोतांत! ज्यांचे पुंकेसर जोडलेले त्यांच्या मधोमध हे सुट्या पुंकेसरांचे लोक जाऊन बसलेले आढळले. याचा अर्थ असा कीं, ज्या एका लक्षणावर बेंथमनें सर्व इमारत उभारिली होती, तें लक्षण एकाच पूर्वजाचें चिन्ह नव्हतें. त्यांत बेंथमचा दोष काढण्याचें कारण नाहीं. त्याच्या हातीं भिंग होतें, आणि भिंगांतून जें दिसतें तें त्यानें अचूक पाहिलें. शिवाय वंशवृक्ष पुढें आल्यावर कांटे व पराग यांचा जुना पुरावा त्याच्याशीं तंतोतंत जुळूं लागला, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. नव्या पद्धतीनें जुन्या निरीक्षणांस हांकलून दिलें, असें कांहीं लोक समजतात. वास्तविक तिनें त्यांतील भरंवशाचीं कोणतीं व फसवीं कोणतीं, एवढी निवड करून दिली.

अकेशियाचीं अशा रीतीनें पांच घरें झालीं. बाभूळ, हिवर, देवबाभूळ यांचें सुमारें एकशें साठ जातींचें एक. खैर, शिकेकाई यांचें त्याहून कांहींसें मोठें दुसरें. ऑस्ट्रेलियन मंडळींचें तिसरें. आणि अमेरिकेंतील दोन लहान घरें. येथें एका गमतीच्या गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. अमरकोशांत खदिराच्या जोडीस अरिमेद नांवाचें झाड येतें व त्यास दुर्गंधी खैर असें म्हटलें आहे. अरिमेदास कोणी हिवर मानितात, कोणी देवबाभूळ. कांहींही मानिलें तरी नव्या वंशवृक्षाप्रमाणें तो खैराच्या घरचा ठरत नाहीं, बाभळीच्या घरचा ठरतो. एकाद्या झाडास दुसऱ्याचा भाऊ म्हणण्याचा मोह अमरसिंहापासून बेंथमपर्यंत सर्वांस झालेला आहे.

आतां वांटणीचा प्रश्न आला. एकत्र कुटुंब विभक्त होतें तेव्हां शेतें व भांडीं मोजून देतां येतात. परंतु देव्हाऱ्यांतील कुलस्वामिनीचा टाक एकच असतो, आणि तो कोणाकडे जावा याचा रिवाज ठरलेला असतो. वनस्पतिशास्त्रांतही तसा रिवाज आहे. प्रत्येक प्रजातीची एक जाति ‘प्रमाणजाति’ म्हणून नेमिलेली असते, आणि प्रजाति कशीही तुटली तरी मूळ नांव प्रमाणजातीबरोबर जातें. अकेशियाची प्रमाणजाति होती बाभूळ. तेव्हां रिवाजाप्रमाणें नांव बाभळीच्या घरांत राहिलें असतें, खैर सेनेगालियांत गेला असता, आणि साडेनऊशेंहून अधिक ऑस्ट्रेलियन जातींस ‘रेकोस्पर्मा’ हें नवें आडनांव घ्यावें लागलें असतें. खैराचें नांव दोन्ही पक्षीं बदलणारच होतें, हें येथें ध्यानांत ठेवावें. भांडण बाभूळ आणि ऑस्ट्रेलियन झाडें यांच्यापुरतेंच होतें.

ऑस्ट्रेलियाचा जीव त्या नांवांत गुंतलेला. तिकडे या झाडांस ‘वॅटल’ म्हणतात, आणि त्यांतील सोनेरी फुलांची ‘अकेशिया पिक्नँथा’ ही जाति १९८८ सालीं त्या देशाचें राष्ट्रपुष्प म्हणून जाहीर झाली. तेथील शास्त्रज्ञ ऑर्चर्ड व मॅस्लिन यांनीं २००३ सालीं अर्ज केला कीं, प्रमाणजातीच बदलावी. बाभळीच्या जागीं ‘अकेशिया पेनिनर्व्हिस’ ही ऑस्ट्रेलियन जाति बसवावी. कमी झाडांचीं नांवें बदलावीं लागतील, एवढेंच त्यांचें मुख्य म्हणणें. असा अपवाद करण्याची मुभा नियमांत आहे, आणि तिचा लाभ पूर्वीं एका फुलास मिळालाही होता. शेवंतीची जुनी प्रमाणजाति दुसऱ्याच घरची निघाल्यामुळें बिचाऱ्या शेवंतीस कांहीं काळ ‘डेंड्रँथेमा’ या बोजड नांवानें हिंडावें लागलें. १९९९ मध्यें प्रमाणजाति बदलून ‘क्रिसँथेमम’ हें नांव तिला परत देण्यांत आलें. तेव्हां कोणी फारसें कुरकुरलें नाहीं. पण येथें दुसऱ्या बाजूस आफ्रिका होती. छत्रीसारख्या पसरलेल्या अकेशियाशिवाय त्या खंडाच्या माळरानाचें चित्र कोणी काढीत नाहीं. नांव अडीच शतकें तिकडच्या झाडाचें होतें, आणि आतां तें सोयीसाठीं परक्यास द्यावयाचें! या पक्षांत भारतही येतो, पण आपल्याकडे त्याचा फारसा बोभाटा झाला नाहीं. आपण बाभळीस बाभूळच म्हणतों, हें त्याचें एक कारण असावें.

निवाडा २००५ सालीं व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेंत झाला. तज्ज्ञसमितीनें ऑस्ट्रेलियाच्या बाजूनें शिफारस केली होती. सभेंत मतें घेतलीं तेव्हां शिफारशीच्या विरुद्ध ५४.९ टक्के मतें पडलीं. म्हणजे बहुमत बाभळीच्या बाजूचें! परंतु समितीची शिफारस फेटाळण्यास ६० टक्के मतें लागतील असा दंडक लावण्यांत आला होता. त्यामुळें बहुमत मिळूनही बाभूळ हरली. यावरून मोठी खळबळ माजली, लेखांवर लेख लिहिले गेले, आणि २०११ सालीं पुढील परिषदेंत हा विषय पुन्हा निघाला. ही परिषद भरली मेलबर्न येथें; फिर्याद ऐकण्याची जागाच एका पक्षकाराचें अंगण! दोन्ही बाजूंस अकेशिया हा शब्द कोणत्या तरी रूपानें ठेवूं द्यावा अशा तडजोडीही सुचविण्यांत आल्या. त्या मान्य झाल्या नाहींत. सुमारें ६८ टक्के मतांनीं व्हिएन्नाचा निर्णय कायम झाला.

आमचें मत विचाराल तर या प्रकरणांत दोन प्रश्नांची गल्लत होऊं देऊं नये. कोण कोणाचा सोयरा, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. तो पुराव्यानें सुटतो, मतदानानें नव्हे, आणि तो सुटला आहे. कोणास काय म्हणावें, हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि तेथें मतदान घेण्यास हरकत नाहीं. मात्र व्यवहारांत रिवाजाचें महत्त्व हेंच असतें कीं, तो धाकट्यांची संख्या पाहून बदलत नाहीं. साडेनऊशें नांवें बदलणें गैरसोयीचें, हें खरें. पण गैरसोयीचा हिशेब केवळ जातींच्या संख्येवर करणें आम्हांस पटत नाहीं. एकट्या बाभळीचें नांव ज्या ज्या वैद्यकग्रंथांत, ज्या ज्या वनखात्याच्या दप्तरांत व शेतकीच्या पुस्तकांत आफ्रिकेपासून बंगालपर्यंत लिहिलें गेलें आहे, तें ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशांतील शंभर झुडुपांच्या नांवांहून हलकें कसें मानावें? असो. निर्णय झाला आहे, आणि तो पाळला गेला पाहिजे. एकाच झाडास दोन देशांत दोन शास्त्रीय नांवें असणें याहून मोठी आपत्ति नाहीं. बाभळीस मिळालेलें ‘वॅचेलिया’ हें नांव अगदींच परकें नाहीं, इतकेंच समाधान. चीनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचा धर्मोपदेशक व वनस्पतिसंग्राहक व्हॅचेल याच्यावरून तें पडलें खरें. परंतु तें प्रथम छापलें गेलें तें वाइट व आर्नॉट यांच्या १८३४ सालच्या ग्रंथांत, आणि तो ग्रंथ आपल्याच द्वीपकल्पांतील वनस्पतींचा आहे. ‘वॅचेलिया निलोटिका’ आणि ‘सेनेगालिया कॅटेचू’ हीं दोन्ही जोडनांवें २००८ सालीं प्रसिद्ध झालीं.

याच्या नेमका उलट निवाडा शमीच्या बाबतींत झाला आहे. दसऱ्यास जिचें पूजन होतें, अज्ञातवासांत पांडवांनीं जिच्यावर शस्त्रें ठेविलीं, त्या शमीवरूनच लिनियसनें १७६७ सालीं ‘प्रोसोपिस’ ही प्रजाति स्थापिली होती. पुढें तींत अमेरिकेंतील चाळीसांहून अधिक जाति येऊन पडल्या. आपल्याकडे माळरानें व्यापून बसलेली वेडी बाभूळ त्यांतलीच. ती बाभूळही नव्हे आणि येथलीही नव्हे, एकोणिसाव्या शतकांत बाहेरून आणलेली आहे. डीएनए व बाह्य लक्षणें या दोहोंच्या आधारें २०२२ सालीं दाखविण्यांत आलें कीं, शमीचें व या अमेरिकन मंडळींचें घर एक नाहीं. तेथें मात्र जुना रिवाज पाळला गेला. ‘प्रोसोपिस’ हें नांव शमीकडे राहिलें, जरी तिच्या घरांत अवघ्या तीनच जाति उरल्या. आणि वेडी बाभूळ ‘नेल्टुमा’ झाली. योगायोग असा कीं, ‘नेल्टुमा’ व खैराचें ‘सेनेगालिया’ हीं दोन्ही नांवें राफिनेस्क या एकाच विक्षिप्त पंडितानें १८३८ सालीं काढलेलीं. त्यानें हजारों नांवें काढलीं, आणि त्याच्या हयातींत त्यांची कोणी पर्वा केली नाहीं.

नवग्रहांच्या समिधांत मंगळास खैर व शनीस शमी लागते. त्या समिधा आणणारास या नांवांशीं कर्तव्य नाहीं. पण ज्यांच्या घरीं औषधांच्या पुड्या किंवा रोपवाटिकेंतील रोपें येतात त्यांनीं जुनें व नवें अशीं दोन्ही नांवें टिपून ठेवावीं. कुकचा ग्रंथ, जुने निघंटु, वैद्यकाचीं पुस्तकें यांत ‘अकेशिया अरेबिका’ किंवा ‘अकेशिया निलोटिका’ दिसल्यास ती बाभूळच समजावी, ऑस्ट्रेलियन झाड नव्हे. नव्या पुस्तकांत नुसतें ‘अकेशिया’ दिसल्यास उलट समजावें.

खैराच्या घरची वांटणी मात्र अद्याप चालू आहे. सेनेगालियांतील सर्वच जाति एका पूर्वजाच्या नाहींत असें पुढील तपासण्यांत दिसून आलें, आणि २०१७ सालीं अमेरिकेंतील कांहीं जाति काढून ‘पॅरासेनेगालिया’ व ‘स्यूडोसेनेगालिया’ अशा दोन प्रजाति आणखी करण्यांत आल्या. खैर व शिकेकाई यांचें नांव त्या वांटणींत बदललें नाहीं.